पुठ्ठ्याचे डबे आणि मंडळाची सगळ्यांची गाडी

आमच्या मॉडेल रेल्वे मंडळाच्या वार्षिक मेळाव्याची तारीख ठरली की ग्रुपवर लगेच विचारणा सुरू होते, पुठ्ठ्याचे डबे बनवायचं टेबल यंदा कुठे लावायचं, सावलीत की रुळांजवळ? हा प्रश्न वाचला की मला फार बरं वाटतं, कारण सुरुवातीच्या मेळाव्यांत असं टेबलच नव्हतं. बागेत पितळी रूळ अंथरायचे, ज्यांच्याकडे विकतची इंजिनं आणि डबे होते ते चालवायचे आणि बाकीचे कडेला उभं राहून बघायचे, मजा यायची पण आपलं त्यात काही नसायचं.

मग एका मेळाव्याला एक काका टॉवेलमध्ये गुंडाळून प्रवासी डबा घेऊन आले. लाकडी फळ्यांच्या भिंती, वर लांबलचक गोलाकार छप्पर, खिडक्यांना खाली सरकणारी तावदानं. रुळावर ठेवल्यावर विकतच्या डब्यांमध्ये तो वेगळा ओळखू येईना. कुणीतरी उचलून बघितला तर हाताला वजनच लागेना, तेव्हा कळलं की चाकं सोडली तर सगळा पुठ्ठा. त्या दिवशी रुळांवरची गर्दी तशीच उठून काकांभोवती आली आणि मला वाटतं मंडळ खऱ्या अर्थानं त्या दिवशी सुरू झालं.

बागेतल्या रेल्वेला पुठ्ठा का चालतो हे काका फार छान समजावायचे. जर्मनीतल्या लेहमान कंपनीनं १९६८ मध्ये एलजीबी नावाच्या बागेतल्या मॉडेल गाड्या आणल्या, त्यांच्या दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी आणि स्केल १:२२.५ (खऱ्याच्या साडेबावीस पट लहान), म्हणजे खऱ्या मीटरगेजच्या जवळपास. या स्केलला पंधरा मीटरचा डबा साधारण ६७ सेंटीमीटरचा होतो. एवढा मोठा डबा असला की १ मिमीचा पुठ्ठा म्हणजे खऱ्या गाडीतली साडेबावीस मिलिमीटरची फळी, त्यामुळे फळी फळीसारखीच दिसते, जाडी लपवायला लागत नाही. लहान स्केलमध्ये तोच पुठ्ठा जाडजूड दिसतो. काका म्हणायचे, "अरे, आधी जाडी मोजा आणि मग कटर हातात घ्या."

टेबलावर खरी गंमत म्हणजे प्रत्येकाची काहीतरी खास पद्धत. एक काकू शिवणकामातलं ट्रेसिंग व्हील घेऊन यायच्या, ते दातेरी चाक मागच्या बाजूनं पट्टीच्या आधारानं फिरवलं की पुढच्या बाजूला रिवेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांची, सरळ रांग उठून यायची, अगदी सारख्या अंतरावर, त्यावर राखाडी रंग दिला की लोखंडी पत्राच वाटायचा. छपराचं कामही त्यांनीच शिकवलं. पुठ्ठ्याला धागा असतो, एका दिशेनं तो सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेनं वळवला की भेग पडते, म्हणून धागा डब्याच्या लांबीच्या दिशेला ठेवायचा. पातळ कार्डशीटच्या दोन थरांमध्ये फेविकॉल लावून ओलं असतानाच जाड पाइपवर गुंडाळायचं, कापडाच्या पट्ट्यांनी बांधून रात्रभर वाळू द्यायचं, सकाळी पट्ट्या सोडल्या की गोलाई पक्की. हे त्या बोलता बोलता करून दाखवायच्या आणि आजूबाजूला लहान मोठे सगळे मान वाकवून बघत असायचे. मी कागदावर धाग्याची दिशा बाणानं काढायची सवय त्यांच्याकडूनच घेतली.

पाण्याचा विषय निघाला की वाद व्हायचाच. बागेत सकाळी दव असतं आणि वाफेवरचं खरं इंजिन लावलं तर धुरांड्यातून तेलकट पाण्याचे थेंब मागच्या डब्यांवर उडतात. कुणी लाखेचं पॉलिश म्हणायचं, कुणी सरळ वॉर्निश. पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत होतं. कापलेल्या कडांना पातळ सुपरग्लू पाजायचा कारण पाणी आधी कडेतून शिरतं, आणि रंग किंवा वॉर्निश आतून बाहेरून सारखंच द्यायचं, नाहीतर भिंत एका बाजूला धनुष्यासारखी वाकते.

आणि दुपारनंतर सगळ्यांची गाडी! प्रत्येकाचा एक एक डबा जोडून एकच लांब गाडी, विकतचं इंजिन पुढे आणि मागे पुठ्ठ्याच्या वाघिणी (मालाचे डबे), प्रवासी डबे, शेवटी गार्डचा डबा. मला मेळाव्यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. ती गाडी जुळवणं हे मोठं काम असतं, कारण हलका डबा इंजिनामागे आणि जड डबे त्याच्या मागे अशी रांग लागली तर वळणावर पुढची ओढ आणि मागचा भार यांच्यामध्ये हलका डबा आतल्या बाजूला खेचला जातो आणि कोलमडतो, त्यात आमच्याकडे ६०० मिमी त्रिज्येची वळणं. म्हणून टेबलावर वजनकाटा असायचा, जड डबे पुढे आणि हलके मागे असा क्रम लावायचा, आणि फारच हलका असेल त्याच्या तळाखाली शिशाच्या पट्ट्या चिकटवायच्या. तळाखालीच, छपराजवळ वजन गेलं की डबा डुलतो. कपलिंगची, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या हुकाची, उंची मोजायला काकांनी पुठ्ठ्याचीच एक मापपट्टी केली होती, प्रत्येक डबा तिच्यासमोर उभा राहायचा, जमलं नाही तर तिथेच कपलिंगखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून उंची वाढवायची. मग इंजिन सावकाश सुटायचं, कपलिंग एकामागे एक ताणले जायचे आणि डबे हलायला लागायचे, आणि प्रत्येकजण फक्त आपल्याच डब्याकडे बघत गाडीसोबत चालत राहायचा.

या गाडीत एका वर्षी एका छोट्या मुलीची टाकीची वाघीण होती, कागदाच्या रोलच्या आतल्या नळीची, टोकाला बशीसारखी झाकणं, वर चढायला टूथपिकची शिडी. रंग जरा दाट होता पण ती पूर्ण फेरी व्यवस्थित फिरून आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीच मुलगी आता मंडळासाठी टेम्प्लेट काढते, भिंत, तळ, छप्पर, बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीच्या) बाजू, सगळं मापात आणि कुठे घडी घालायची तिथे तुटक रेघ. नवीन येणाऱ्याला आम्ही तिचंच पान देतो आणि १ मिमीचा पुठ्ठा, स्टीलची पट्टी, धारदार कटर एवढंच जवळ ठेवायला सांगतो.

यंदा तिनं इंजिनाचं पान काढलंय, मोटार आणि चाकांचा ब्लॉक विकतचा आणि वरचा सांगाडा सगळा पुठ्ठ्याचा. म्हणजे पहिल्यांदाच सगळ्यांच्या गाडीला पुढूनही पुठ्ठ्याचं इंजिन असणार. बॉयलरची नळी तीन थरांची करायची असं ठरलंय, माझ्याकडे धुरांडं आणि घुमट आलेत, काकूंना रिवेट. काकांनी वजनाचा हिशोब मागितलाय, कारण इंजिन हलकं राहिलं तर चाकं जागीच फिरतील आणि एवढी लांब गाडी ओढली जाणार नाही.