किल्ली देण्याआधीची तपासणी

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून नौपाड्यातला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने देत आलो आहोत. गेल्या पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या मुलीचा फोन आला. "काकू, गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. फार नाही, पण येतात." तिचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि त्याच बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर बसून आंघोळ करत होता. गीझर बंद ठेवायला सांगून मी त्याच संध्याकाळी आमच्या नेहमीच्या वायरमनला पाठवले. त्याने स्विच बदलला, आता वापरायला हरकत नाही असे सांगितले आणि तो निघून गेला. चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला.

मधल्या चार दिवसांत काही अघटित घडले नाही, हे केवळ नशीब. घर आमचे, भाडे आम्ही घेतो, आणि त्या घरातल्या भिंतीआड काय चालले आहे याची मला काहीही कल्पना नव्हती, ही गोष्ट त्या रात्री मला फार लागली.

माझी भाची इंग्लंडमध्ये लीड्सला भाड्याच्या घरात राहते. तिला हे सांगितले तेव्हा तिने सहज विचारले, "तुमच्याकडे घरमालक विजेच्या तपासणीचा अहवाल देत नाहीत का?" इंग्लंडमध्ये नव्या भाडेकरारांना 1 जुलै 2020 पासून आणि चालू असलेल्या करारांना 1 एप्रिल 2021 पासून हा नियम लागू झाला आहे. घरातील विजेची सगळी जोडणी किमान दर पाच वर्षांनी पात्र व्यक्तीकडून तपासून घ्यायची, नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी अहवालाची प्रत द्यायची, आणि अहवालात दोष निघाले तर ते 28 दिवसांत, किंवा तपासणाऱ्याने त्याहून कमी मुदत दिली असेल तर तेवढ्यात, दुरुस्त करायचे. गॅसच्या उपकरणांची तपासणी तर दरवर्षी करावी लागते.

आपण काय देतो, हे पाहायला मी आमचा लिव्ह अँड लायसन्सचा करार काढून पुन्हा वाचला. करार लेखी आणि नोंदणीकृत होता, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांना माहिती दिलेली होती, सोसायटीचे पत्र होते. शेवटी जोडलेल्या यादीत पंखे 4, ट्यूबलाइट 5, गीझर 1, पडद्यांचे रॉड 6 अशी चोख नोंद होती. घर सोडताना पडद्याचा एक रॉड कमी भरला तर डिपॉझिटमधून पैसे कापण्याची सोय आम्ही करून ठेवली होती, परंतु त्या गीझरला अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, आहे की नाही, याबद्दल करारात एक अक्षर नव्हते. करारात ते कोणी मागत नाही म्हणून आपल्यालाही ते पाहण्याचे कारण नाही, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

पात्र माणूस शोधणे सोपे गेले नाही. आपल्याकडे विजेचे काम करणारा हाताशी असलेला माणूस आणि राज्य शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार यांत फरक आहे, आणि बहुतेक घरमालकांना तो नव्या मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यायची वेळ आली की मगच कळतो. मी पहिला फोन केला तो अशाच एका परवानाधारकाला. त्यांनी पत्ता विचारला, फ्लॅट किती खोल्यांचा आहे ते विचारले, आणि सहीशिक्क्याचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवतो, असे सांगितले. तपासायला कधी येणार, असे मी विचारल्यावर त्यांना त्याचे खरोखरच आश्चर्य वाटले. त्यांचा परवाना खरा होता, सहीही खरी असती, आणि त्या कागदाचा बाथरूममधल्या नळाशी काडीचा संबंध नसता. दुसऱ्यांनी घर न पाहताच सगळे वायरिंग नव्याने करावे लागेल असे सांगून त्याचा अंदाजे खर्चही कळवला.

तिसऱ्या गृहस्थांनी मात्र आधी मलाच प्रश्न विचारले. इमारत कोणत्या साली पूर्ण झाली, वायरिंग शेवटचे कधी बदलले, मेन बोर्डात जुने, तारेचे किटकॅट फ्यूज आहेत की एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारे स्विच), अर्थ लीकेजचे उपकरण बसवले आहे का, एसी नंतर लावला असेल तर त्याची तार मेन बोर्डापासून वेगळी आणली आहे का. निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. त्यांनी परवान्याची प्रत न मागता पाठवली, तिच्यावरची मुदत मी पाहून घेतली, आणि दुरुस्तीचे काम तुम्ही दुसऱ्या कोणालाही द्या, माझी फी फक्त तपासणीची आहे, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जो दोष शोधतो त्यालाच दुरुस्तीचे काम मिळणार असेल तर दोष वाढतात, आणि ज्याने काम केले तोच ते तपासणार असेल तर दोष नाहीसे होतात.

तपासणीला अडीच तास लागले. मी पूर्ण वेळ त्यांच्यामागे उभी होते. मेन बोर्ड उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की आरसीसीबी, म्हणजे ते अर्थ लीकेजचे उपकरण, बसवलेला होता, पण त्याला वळसा घालून तारा थेट पुढे जोडलेल्या होत्या. हे उपकरण फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह सतत ताडून पाहते. दोहोंत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कोठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत जात असली, तर ते 300 मिलिसेकंदांच्या आत पुरवठा तोडते. एमसीबीला हे जमत नाही, कारण एवढासा प्रवाह त्याच्या खिजगणतीत नसतो. आमचा आरसीसीबी काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात सारखा पडत (ट्रिप होत) असे. तेव्हा आलेल्या वायरमनने "मशीन खराब आहे" असे सांगून तो बाजूला काढला होता आणि वीज जात नाही म्हणून आम्हीही समाधानी झालो होतो. मशीन चांगले होते. ते आपले काम करत होते.

ते का पडत असावे, हे वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये आणि गीझरमध्ये सापडले. सॉकेटपर्यंत अर्थची तारच पोहोचलेली नव्हती. त्याऐवजी न्यूट्रलमधून एक छोटा तुकडा काढून अर्थच्या पिनेला जोडला होता. साध्या टेस्टरला असे सॉकेट निर्दोष वाटते. पण मागे कोठे न्यूट्रल सुटली, तर मशीनच्या संपूर्ण पत्र्यात वीज उतरते. गीझरची अर्थ तार जंक्शन बॉक्समध्येच तुटलेली होती आणि त्याचे एलिमेंट झिरपत होते, म्हणून गळणारी वीज पाइपातून नळापर्यंत येत होती. मेगर या यंत्राने 500 व्होल्ट देऊन प्रत्येक सर्किटच्या तारांवरील वेष्टणाचा (इन्सुलेशनचा) रोध मोजला, तेव्हा तो किमान 1 मेगाओहम भरायला हवा असताना बाथरूमच्या ओल्या भिंतीतून गेलेल्या सर्किटवर 0.3 भरला. एसीच्या तारेवर तिला झेपणार नाही इतक्या मोठ्या क्षमतेचा एमसीबी होता. अशा जोडणीत जादा भार आला तर एमसीबी पडण्याआधी तार जळते.

अहवाल चार पानांचा आला. प्रत्येक सर्किटचे नाव, मोजलेला आकडा, तो किती असायला हवा, आणि कोणता दोष त्याच दिवशी, कोणता महिन्याभरात दूर करायचा, असे त्यात लिहिलेले होते. बाथरूमचे सर्किट त्यांनी जाण्यापूर्वी बंद केले. दुरुस्ती दुसऱ्या माणसाकडून करून घेतली आणि ती झाल्यावर त्यांना पुन्हा बोलावून आकडे नव्याने मोजून घेतले. तपासणीची फी, फेरतपासणी धरून, 4,500 रुपये झाली. महिन्याच्या भाड्याच्या मानाने ही रक्कम किती लहान आहे, हे सांगायला मला संकोच वाटतो.

गॅसचे काम त्यामानाने लवकर झाले. शेगडीची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरची तारीख उलटून गेली होती, ती बदलली. आधीच्या भाडेकरूंनी लावलेला आणि तसाच राहिलेला गॅस गीझर मात्र मी काढूनच टाकला. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

राहिला इमारतीचा प्रश्न. आमची इमारत 1989 सालची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतीची पाहणी पालिकेकडे नोंदलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून तिचे प्रमाणपत्र पालिकेला द्यावे लागते. सोसायटीच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सांगितलेले आहे. आमच्या सोसायटीत सर्वांत स्वस्त देकार आला होता तो केवळ डोळ्यांनी पाहून प्रमाणपत्र देणाऱ्याचा. एका दुरुस्ती ठेकेदाराने तर दुरुस्तीचे काम दिल्यास ऑडिट फुकट करून देण्याची तयारी दाखवली होती. सर्वसाधारण सभेत मी गीझरची हकिगत सांगितली, आणि चाचण्यांसह ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरना काम देण्याचा ठराव थोड्या मतांनी का होईना, मंजूर झाला. काँक्रीट आतून किती सलग आहे ते पाहायला त्यांनी खांबांमधून अल्ट्रासाउंडचा वेग मोजला, गच्चीखालच्या तुळयांत सळई गंजत असण्याची शक्यता किती आहे ते हाफ सेल चाचणीने पाहिले, आणि फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाकले. जिथे ते गुलाबी झाले तिथले काँक्रीट अजून सळईला जपत होते, आणि आमच्या बाथरूमच्या छतात ते रंगहीनच राहिले. इमारत सी-2बी वर्गात आली, म्हणजे घरे रिकामी न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती करण्याच्या.

या ठाण्यात 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याची इमारत कोसळून 74 माणसे गेली. ती नवी आणि बेकायदा होती, आमची जुनी आणि अधिकृत आहे, हे मला माहीत आहे. पण डोक्यावरचे छत कोणी तपासले आहे का, हे विचारण्याचा हक्क तिथे राहणाऱ्याला दोन्हीकडे सारखाच असायला हवा. आपल्याकडे भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, सभेला येत नाही, ऑडिटचा अहवाल त्याच्यापर्यंत जात नाही, आणि छताचा पोपडा मात्र त्याच्याच पाळण्यावर पडतो.

या मार्चमध्ये कराराचे नूतनीकरण केले. पंख्यांच्या यादीच्या पुढे विजेचा अहवाल, फेरतपासणीचे पान आणि सोसायटीच्या ऑडिटमधली आमच्या फ्लॅटशी संबंधित पाने जोडली, आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात करायची तेही कलम घालून लिहिले. ती मुलगी सगळे वाचत बसली. मग तिने बाथरूमच्या छताच्या नोंदीवर बोट ठेवून विचारले, "काकू, हे काम पावसाआधी होईल का?" मी तिच्यासमोरच सेक्रेटरींना फोन लावला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या मजल्याचे काम सुरू झाले, आणि ते तीन आठवडे ती दोघे बाळाला घेऊन घोडबंदरला आमच्याकडे राहिली.