कानाला लावलेला स्क्रू-ड्रायव्हर

बाबांच्या मनगटी घड्याळाप्रमाणे सहा मिनिटं चाळीस सेकंद. बटण दाबल्यापासून पडद्यावरचा बाण हुकमात येईपर्यंत एवढा वेळ. ३४ वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपात काढलेल्या माणसाला ‘फार हळू चालतो’ अशी मोघम तक्रार चालत नाही. त्यांच्या वहीत सात दिवसांचे सात आकडे होते.

कॉम्प्युटर मीच आणला होता. तपकीर गल्लीतून, साडेआठ हजारांना. सोसायटीचं सचिवपद बाबांच्या गळ्यात पडलं होतं आणि इतिवृत्तं टाइप करायला त्यांना मोठा पडदा हवा होता. कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेलं मशीन, अंगावर अर्धवट खरवडलेला नंबराचा स्टिकर. आत तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे २०१२-१३ चा माल. दुकानात अगदी चपळ वाटला होता. तिथे तो आधीपासूनच चालू होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

पहिला संशय धुळीवर. झाकण काढलं तर पंख्यावर मऊ करड्या गोधडीसारखा थर. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, एवढं मला माहीत होतं. रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती, ती पुसून नवी लावली. आवाज निम्मा झाला. वेळ : सहा मिनिटं तीस सेकंद. बाबांनी तोही लिहिला.

मग टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, उघडली आणि हसूच आलं. हे मशीन रोज सकाळी उठून जुन्या ऑफिसचा प्रिंटर शोधत होतं. स्कॅनर शोधत होतं. हजेरीचं कसलंसं सॉफ्टवेअरही चालू करत होतं. निवृत्त झालेल्या माणसाने डबा घेऊन पहिल्या शिफ्टच्या बसस्टॉपवर उभं राहावं, तसं. (बाबा निवृत्तीनंतर वर्षभर पहाटे साडेपाचला दाढी करून बसायचे. हे मी मनातच ठेवलं.) अकरा गोष्टी बंद केल्या. साडेपाच मिनिटं.

रॅम फक्त चार जीबी. आईला रॅम म्हणजे काय ते समजावायला गेलो आणि तिनेच मला समजावली. ‘म्हणजे ओटा लहान. मग एक डबा वापरला की तो माळ्यावर ठेवायचा, तेव्हा दुसरा काढता येणार. पुन्हा पहिला लागला की परत स्टुलावर चढा.’ ओट्यावर मावेना की मशीन खरोखरच सामान हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं. आणखी चार जीबीची पट्टी आणली. डीडीआर-थ्री, म्हणजे जुन्या प्रकारची. नव्या डीडीआर-फोरची खाच दुसरीकडे असते, ती इथे बसतच नाही. एकदा सुरू झाल्यावरची कटकट थोडी कमी झाली, पण सुरू व्हायला अजून पाच मिनिटं लागतच होती.

टास्क मॅनेजरमध्ये एक गोष्ट मला आठवडाभर छळत होती. डिस्क १०० टक्के व्यस्त, पण वाचन सेकंदाला एक-दीड एमबी. हे कोडं बाबांना सांगितलं. ते उठले, लांब स्क्रू-ड्रायव्हर आणला, त्याचं टोक हार्डडिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिनाचं नेमकं कोणतं बेअरिंग बोलतंय, ते जुने मेकॅनिक असंच ओळखतात.

‘फिरतंय नीट,’ ते म्हणाले. ‘पण काहीतरी सारखं मागेपुढे धावतंय. आणि मधूनच एकाच जागी अडकून टकटक करतंय. तू ऐक.’

मी ऐकलं. खरंच.

ती डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, सेकंदाला १२०. ऐकून बाबांच्या भुवया उंचावल्या. त्यांच्या डिझेल इंजिनांना अडीच हजारांच्या वर कोणी नेत नसे. पण फिरण्याने काम होत नाही. वाचणारी सुई योग्य वर्तुळावर न्यायची, मग हवा तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. फायली विखुरलेल्या असतील तर सेकंदाला जेमतेम ७०-८० ठिकाणं गाठता येतात. १०० टक्के म्हणजे भरपूर काम नव्हे. वेळ सगळा धावपळीत गेला, एवढाच त्याचा अर्थ. आणि टकटक म्हणजे खराब झालेला तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा, डिस्कची तब्येत सांगणारा छोटा मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतला. डिस्कच्या नावापुढे पिवळा इशारा, आणि चालू राहिलेले तास २२,४००. बाबांनी लगेच हिशोब मांडला : रोज नऊ तास, वर्षाचे तीनशे दिवस. आठ वर्षं भरली. ‘पेन्शनला पात्र नाही,’ म्हणाले, ‘पण हलकी ड्यूटी द्यायला हवी होती.’

तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. त्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे धावपळीचा प्रश्नच नाही. विंडोज १० ला कंपनीकडून नियमित अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेलं आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. मराठी टायपिंग त्यातही होतं, आणि बाबांना त्यापलीकडे काही नको होतं.

सव्वीस सेकंद. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा कानाला लावला. नव्या डिस्कवर बराच वेळ टेकवून ठेवला.

‘काहीच ऐकू येत नाही,’ ते म्हणाले. ‘बिघडली की कळणार कसं?’

त्यांचं खरं होतं. असली डिस्क बरेचदा काही न बोलता एके दिवशी बंद पडते. इतिवृत्तांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची, असं ठरलं.

जुनी डिस्क टाकून द्यायला बाबांनी ठाम नकार दिला. दोन दिवसांनी चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंसाठीचा पाना कुठूनसा मिळवून त्यांनी ती उघडली. आतली तबकडी आरशासारखी लखलखीत, आणि कोपऱ्यात दोन चपटी चुंबकं. त्यातल्या एकाखाली आता फ्रिजवर सोसायटीची नोटीस लावलेली असते आणि दुसऱ्याखाली दुधाचा हिशोब. महिनाअखेरीला तो कागद काढायला आई मला हाक मारते. चुंबक तिच्याने निघत नाही.