उजव्या कोपऱ्यातल्या चार पट्ट्या

बाणेरमधील एका छोट्या गेम स्टुडिओत मी गेमप्ले प्रोग्रॅमर म्हणून काम करते. गेल्या पावसाळ्यात, जुलैमधल्या दुसऱ्या शनिवारी, आमच्या तयार होत असलेल्या गेमची प्लेटेस्ट होती. बाहेरच्या माणसांना बोलवायचे, त्यांना काहीही न शिकवता खेळायला बसवायचे आणि आपण मागे उभे राहून तोंड बंद ठेवायचे, असा तो प्रकार असतो. त्यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. गेम चौघांनी मिळून खेळण्याचा आहे. एक जण ढाल घेऊन शत्रूला अंगावर घेतो, एकाकडे तलवार, एकाकडे धनुष्य, आणि चौथा वैद्य असतो, जो इतरांच्या जखमा भरत राहतो. किल्ल्याच्या दरवाजावर त्यांची गाठ ‘गोलंदाज’ नावाच्या बॉसशी, म्हणजे सर्वांत बलाढ्य शत्रूशी, पडते (या नावावरून करण्यासारखे क्रिकेटचे सर्व विनोद आमच्या कार्यालयात करून संपले आहेत). हा गोलंदाज दर चाळीस सेकंदांनी तोफेला बत्ती लावतो. तेव्हा कोणीतरी एकाने लढणे सोडून पखाल उचलायची आणि पळत जाऊन बत्तीवर पाणी ओतायचे. त्यात आठ सेकंद जातात. बत्ती विझली नाही तर तोफ उडते आणि चौघेही मरतात.

त्या दिवशी आलेल्यांमध्ये कर्वेनगरला एकाच खोलीत राहणारे अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी होते. एक अबोल, दुसरा सतत बोलणारा. ढाल सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीने घेतली. वैद्य झाले ते एका सहकारी बँकेतले पंचेचाळिशीचे कारकून, ज्यांना दुसरा शनिवार असल्यामुळे सुट्टी होती आणि ज्यांना बाकीचे तिघे पहिल्या पाच मिनिटांतच ‘काका’ म्हणू लागले. सकाळी या चौघांनी गोलंदाजाला चौथ्या प्रयत्नात पाडले. तलवार अबोल मुलाकडे होती आणि पखालही तोच उचलत होता. त्याला ते कोणी सांगितले नव्हते. पहिल्या तीन पराभवांचे खापर मात्र धनुष्यवाल्या खोलीमित्राने त्याच्यावरच फोडले. “तू मारतच नाहीयेस, नुसता इकडून तिकडे पळतोयस,” हे वाक्य मी माझ्या वहीत दोनदा टिपलेले आहे.

दुपारी जेवणानंतर आम्ही नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी आवृत्ती, टाकला, कारण सकाळी एक क्रॅश सापडला होता. तो बिल्ड मीच घाईघाईने काढला होता, आणि घाईत एक गोष्ट बंद करायची विसरले होते. स्वतःच्या कामासाठी मी कधीतरी एक डॅमेज मीटर लिहून ठेवला होता: पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चार रंगीत पट्ट्या, प्रत्येक पट्टीसमोर त्या खेळाडूने केलेल्या डॅमेजची, म्हणजे शत्रूला दिलेल्या माराची, टक्केवारी, आणि सर्वांत मोठा आकडा सर्वांत वर. तो फक्त आमच्यासाठी होता. दुसरी लढत सुरू होईपर्यंत माझ्या ते लक्षातच आले नाही. लक्षात आल्यावर मी आमच्या लीडकडे, म्हणजे टीमच्या प्रमुखाकडे, पाहिले, तर त्याने हातानेच ‘राहू दे’ अशी खूण केली. मी ते बंद करायला हवे होते, असे मला आजही वाटते. पण खरे सांगायचे तर पुढे काय होते ते मलाही पाहायचे होते.

पहिल्या लढतीच्या शेवटी पट्ट्या अशा होत्या: तलवार ४१, धनुष्य ३१, ढाल २२, वैद्य ६. ज्याला सकाळभर ‘मारत नाहीस’ असे ऐकावे लागले होते, त्याचे नाव सर्वांत वर होते. तो काहीच बोलला नाही, फक्त खुर्ची थोडी पुढे ओढून बसला. मीटरमुळे भांडणे होतात असे म्हणणारी माणसे एक गोष्ट विसरतात: आकडे नसले म्हणून दोष देणे थांबत नाही, तो दोष मग ज्याचा आवाज लहान त्याच्या वाट्याला जातो. त्या मुलाची बाजू त्या दिवशी त्या पट्टीने मांडली. मागे उभ्या असलेल्या आम्हां तिघांपैकी कोणीही ती मांडली नव्हती.

मात्र पुढच्या लढतीत बत्ती लागली तेव्हा तो जागचा हललाच नाही. त्याची नजर एकदा तोफेकडे गेली, एकदा कोपऱ्याकडे गेली, आणि तो तलवार चालवत राहिला. तोफ उडाली तेव्हा त्याची पट्टी ४६ वर होती. ढालवाली मुलगी ओरडली, “अरे, पाणी कोण टाकणार?” पण ती जागा सोडू शकत नव्हती, कारण तिने ढाल हलवली की गोलंदाज थेट वैद्यावर धावून जातो. धनुष्यवाला तर पहिला क्रमांक मिळवण्यासाठी दरवाजावरच्या पहारेकऱ्यांना बाण मारू लागला होता. ते पहारेकरी मेले काय आणि जगले काय, लढतीला काहीच फरक पडत नाही. आकडा मात्र फुगतो. काकांचे वागणे सर्वांत केविलवाणे होते. कोणीतरी सहज म्हणाले, “काका, तुमची तर रेघच दिसत नाहीये,” आणि पुढच्या लढतीत काकांनी जखमा भरणे सोडून वैद्याच्या काठीने गोलंदाजाला बडवायला सुरुवात केली. त्यांचा आकडा ६ वरून ११ वर गेला, आणि चाळीस सेकंद व्हायच्या आतच ढाल पडली. सकाळी जो गोलंदाज चौथ्या प्रयत्नात पडला होता, तो दुपारी सहा प्रयत्नांतही पडला नाही. माणसे जेवून सुस्तावली होती हे मान्य केले तरी एवढा फरक सुस्तीने पडत नाही.

याच वेळी धनुष्यवाला सारखा सांगत होता की मीटर खोटा आहे. “माझे बाण पेटतात, ते हा धरतच नाहीये.” बाकीचे हसत होते, आणि मनातून मीही हसत होते, कारण हरणारा माणूस असे म्हणतोच. तरीही चहाच्या सुट्टीत मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे लढतीची आपोआप होणारी नोंद, उघडला. मुलगा बरोबर होता. बाण लागला की आमचा कोड तो बाण मेमरीतून काढून टाकत होता. त्यानंतर शत्रू सहा सेकंद जळत राहतो, पण त्या जळण्याची नोंद करताना ‘हे डॅमेज कोणाचे’ हे विचारायला बाणच शिल्लक नसल्यामुळे ती सगळी रक्कम ‘परिसर’ या खात्यावर जमा होत होती. मी हे समजावून सांगत असताना काका मागून म्हणाले, “अहो, म्हणजे सस्पेन्स अकाउंट!” ज्या रकमेचा धनी कळत नाही ती बँकेत तात्पुरती ठेवायचे खाते. यापेक्षा चांगले वर्णन मला आजवर सुचलेले नाही. ते डॅमेज योग्य नावावर टाकून पहिल्या लढतीचा हिशोब पुन्हा केला तेव्हा धनुष्य ४२ आणि तलवार ३५ असे आकडे आले. मी त्या मुलाला बाजूला बोलावून ते दाखवले. तो म्हणाला, “मॅडम, हे सगळ्यांसमोर सांगा ना.”

मी सगळ्यांसमोर सांगितले. सांगताना माझ्या मनात दुसराच हिशोब चालू होता. तलवारवाल्याने त्या पहिल्या लढतीत दर चाळीस सेकंदांतले आठ सेकंद, म्हणजे वेळेचा पाचवा भाग, पखालीमागे घालवला होता. तो वेळ त्याला मारायला मिळाला असता तर त्याचा हिस्सा धनुष्याच्या पुढेही गेला असता. म्हणजे आधीचा आकडा चुकीचा होता, आणि दुरुस्त केलेला आकडाही पूर्ण सत्य सांगत नव्हता.

संध्याकाळी पाऊस थांबायची वाट पाहत आम्ही बराच वेळ यावरच बोलत बसलो. लीडचे म्हणणे होते की मीटर नकोच. त्याने ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेमचे उदाहरण दिले: तिथे गेममध्ये मीटर नाही, बाहेरची साधने वापरणे नियमबाह्य आहे, आणि कोणाचे आकडे काढून त्याला चॅटमध्ये टोचले तर कारवाई होऊ शकते. माझा एक सहकारी म्हणाला की तरीही पीसीवरची माणसे गुपचूप मीटर लावतातच आणि प्लेस्टेशनवाल्यांना तो लावता येत नाही; मग त्या नियमाने नेमके काय साधले? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम २००४ मध्ये आला, त्याच्या कॉम्बॅट लॉगमधून खेळाडूंनीच ‘रीकाउंट’, ‘स्काडा’, ‘डिटेल्स’ असे एकामागून एक मीटर बनवले, आणि अखेर २०२५ मध्ये तो बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने जाहीर केले की ‘मिडनाइट’ या विस्तारात अ‍ॅडऑनना (खेळाडूंनी बनवलेल्या जोड-प्रोग्रॅमना) मिळणारी लढतीची माहिती मर्यादित केली जाईल आणि मीटर गेममध्येच दिला जाईल. तब्बल वीस वर्षे बाहेरच्यांनी चालवलेली गोष्ट घरात घ्यावी लागली.

मी ‘ओव्हरवॉच’ या गेमची आठवण करून दिली. २०१६ मध्ये तिथे मुद्दाम धावफलक ठेवला नव्हता. प्रत्येकाला फक्त स्वतःची पदके दिसत. परिणाम असा की ‘मला डॅमेजचे सुवर्ण आहे, बाकीचे काय करताय’ असे म्हणून भांडता येऊ लागले, आणि २०२२ मधल्या ‘ओव्हरवॉच २’मध्ये पदके जाऊन सर्वांचे आकडे दाखवणारा फलक आला. अर्धी माहिती दिली की उरलेली अर्धी माणसे आपल्या सोयीने भरतात.

माझे मत त्या रात्री पक्के झाले. मोजणी गेमनेच करावी, कारण बाहेरच्या साधनाला लॉगमध्ये जे लिहिलेले आहे तेवढेच दिसते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०२३ साली ‘ऑगमेंटेशन इव्होकर’ ही भूमिका आली, जिचे मुख्य काम स्वतः मारणे नसून सोबत्यांचा मार वाढवणे हे आहे. तिचे श्रेय कोणाच्या नावावर टाकायचे, यावर मोजणाऱ्यांची बरीच तारांबळ उडाली. सर्व्हरला मात्र कोणाच्या मदतीने किती वाढले, ढालीने किती अडवले, कोणती जखम भरली आणि कोणते औषध भरलेल्या जखमेवर वाया गेले, हे सगळे ठाऊक असते. पण हा हिशोब लढत चालू असताना चौघांच्या डोळ्यांसमोर नाचवू नये. लढतीत दाखवायचेच असेल तर चौघांची मिळून एकच पट्टी दाखवावी, म्हणजे वेळेत पोचतो आहोत की नाही एवढे कळेल. प्रत्येकाचा तपशील लढत संपल्यावर, आणि आधी ज्याचा त्याला. एकट्याने जाऊन ‘मी पुरेसा मारतो का’ हे तपासता येईल असा सरावाचा पुतळाही हवा. ‘फायनल फँटसी १४’ने तेवढी सोय केली आहे आणि ती मला तिथल्या मनाईपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. लीडला हे सगळे फार काम वाटले. ते होतेच.

तीन आठवड्यांनी आम्ही त्याच चौघांना पुन्हा बोलावले. आता लढतीनंतर एक पान उघडत होते, ज्यात डॅमेजच्या आधी तीन ओळी होत्या: अडवलेला मार, भरलेल्या जखमा, विझवलेल्या बत्त्या. काकांनी आपली ओळ वाचून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली. दुसऱ्याच लढतीत गोलंदाज पडला.

तिसऱ्या लढतीत बत्ती लागताच तलवारवाला आणि धनुष्यवाला, दोघेही एकाच पखालीकडे पळाले. जो मागे पडला तो हात हलवत परत आला, आणि पुढच्या बत्तीला आधीपासूनच पखालीजवळ जाऊन उभा राहिला. मग दुसराही तिथेच जाऊन उभा राहिला. गोलंदाजाला मारायला कोणी उरले नव्हते. सगळ्या जखमा एकट्या ढालीवर येत होत्या आणि काका घाम पुसत त्या भरत होते. “अहो मॅडम,” ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, “आता मीही येऊ का पाणी भरायला?”