न पाहिलेले डोंगर

"डोळे सगळ्यात शेवटी," तो म्हणाला.

हणजूणचा बुधवारचा बाजार. मी थांबले होते ती खरं तर घासाघीस करायला. सुती कापडावरचा थांका, म्हणजे तिबेटी बौद्ध पटचित्र; बुद्धाचा चेहरा पूर्ण, डोळ्यांच्या जागा कोऱ्या. मागे बर्फाचे डोंगर, आणि निळा असा ठाम, की भाव विचारायचंच विसरले.

"गाव कुठलं?"

"बायलकुप्पे. कर्नाटक."

आजोबा १९५९ नंतर तिबेटातून आलेले. याचा जन्म इथलाच, तरी खिशात परदेशी म्हणून नोंदणीची वही.

"मग हे डोंगर?"

"आजोबांनी सांगितले तसे."

माझ्या आजीचं घर पेडण्याला, पणजीहून फार तर तासभर. अंगणातली तुळस नेमकी कुठल्या बाजूला होती? येताना बसमध्ये आठवून पाहिलं. नाही आठवली.