तुम्ही विचारलंत म्हणून: बनवाबनवी लागला की मी का उठते

भावाच्या घरी, ऑफिसच्या ट्रिपला, जिथे तिथे तेच. "पुण्याची ना गं तू, मग 'अशी ही बनवाबनवी' लागला की उठून काय जातेस?" एकदाच सांगते, परत विचारू नका.

साडीतले पुरुष बघून मला राग येतो असलं काही नाही. लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती मला अजून आवडते, आणि सुधीर जोशींच्या घरमालक सरपोतदारांचे सत्तर रुपये वारतात तेव्हा मी अजून हसते. उठते ती त्या चार मित्रांना लीलाबाई काळभोरांकडे जागा फक्त जोडप्याला मिळणार हे कळतं आणि त्यांतले दोघं साडी नेसून बायका होतात तिथे.

घटस्फोटानंतर कोथरूड, कर्वेनगर सगळं पालथं घातलं. डिपॉझिट तयार, नोकरी धड, तरी प्रत्येक दारात 'मिस्टर काय करतात?' शेवटी एजंटच म्हणाला, मॅडम, मर्चंट नेव्हीत आहेत म्हणा, बोटीवर कोण बघायला जातंय. म्हटलं. मिळाली जागा, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर.

घरमालकीण काकू खडूस असत्या तर बरं झालं असतं. पण त्या निवडलेली मेथी आणून द्यायच्या, 'हे' आले की पुरणपोळ्या करते म्हणायच्या. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका, मी कपाटाच्या तळातून काढलेलं मंगळसूत्र घालून बसलेली, वाण झालं, तिळगूळ झाला आणि कुणीतरी म्हणालं उखाणा घ्या. मी नको नको म्हणतेय, तर लाजतेय म्हणून अजूनच मागे लागल्या. दुसरं कुठलं नाव घ्यायचीही सोय नाही, कारण आधार कार्डावर अजून त्याचंच, आणि ते काकूंनी बघितलेलं. ज्याचा नंबर ब्लॉक केलाय त्या माणसाचं नाव मी यमकात बसवून घेतलं. यमक पण बसलं वर! टाळ्या पडल्या, काकूंनी कानशिलावर बोटं मोडली. घरी येऊन वाणातला डबा खिडकीतून भिरकावणार होते, पण खाली काकूंचीच स्कूटर उभी होती.

शाळेतली मी, जिला हा पिक्चर पाठ होता, ती म्हणेल, मग झालं काय? त्यांनी केलं तेच तू केलंस, जागा मिळाली ना? मिळाली बाई. पिक्चर 1988 चा, तो ज्याच्यावरून घेतला तो हिंदी 'बीवी और मकान' 1966 चा, म्हणजे तेव्हापासून हेच चाललंय आणि लोक हसतायत, मीच कशाला तोंड वाकडं करायचं? पण त्या दोघांना रात्री दार लावून साडी सोडता यायची, चौघांना मिळून खिदळता यायचं. माझ्याबरोबर कोण होतं? बरं, हेही पूर्ण खरं नाही, एजंटला सगळं माहीत होतं आणि तो भेटला की आम्ही दोघं जाम हसायचो.

आणि पिक्चरमधे शेवटी सगळं उघडं पडतं, माझं पडलंच नाही. ती जागा सोडली तरी मागच्या दिवाळीत काकूंचा फोन आला, यांना सुट्टी कधी विचारत होत्या. मी म्हटलं मार्चमधे. आता कशाला म्हटलं, ते मला विचारू नका.