आमची वाटचाल : काजूच्या गोदामातली दहा मीटरची रेंज

कुडाळच्या एमआयडीसीतलं काजूचं एक जुनं गोदाम २०१७ साली आम्ही भाड्याने घेतलं आणि त्यात एअर पिस्तुलाच्या, म्हणजे दाबलेल्या हवेने छर्रा मारणाऱ्या पिस्तुलाच्या, नेमबाजीसाठी चार लेन टाकल्या. मी शिकायला कोल्हापुरात होतो. तिथली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली, तेव्हा त्या शहराला चढलेला उत्साह मी जवळून पाहिला. आमच्या सिंधुदुर्गातल्या पोरांना मात्र नेमबाजी शिकायची तर घाट चढून जावं लागे. ते थांबावं, एवढ्याचसाठी हा व्यवसाय काढला.

रेंजच्या फीमधून भाडं आणि वीजबिल निघतं. घर चालतं ते पिस्तुलं, छर्रे आणि दुरुस्तीवर. तरीही नवशिक्याला पहिले तीन महिने पिस्तूल विकायचं नाही, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. सुरुवातीला काही गिऱ्हाइकं रागावून गेली, मुंबईहून मागवून मोकळी झाली. जाऊ देत.

२०२४ मध्ये मनू भाकरने पॅरिसला दोन कांस्यपदकं जिंकली आणि चौकशीला येणाऱ्या पालकांची रीघ लागली, त्यांत मुलींचे पालक जास्त. प्रश्न एकच, "माज्या चेडवाक पिस्तूल खयचा घेवचा?" स्टेअर, मोरिनी, वॉल्थर ही नावं त्यांनी मोबाइलवर वाचलेली असतात. मी आधी मुलीचा हात बघतो.

पिस्तूल साधारण किलोभराचं असतं. ते एका हाताने, हात सरळ ठेवून पेलायचं आणि ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे. कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण, पाव मिलिमीटर सरकली तरी दहा मीटरवर छर्रा सात-साडेसात मिलिमीटर बाजूला लागतो. म्हणून सगळं ग्रिपवर, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर, येऊन ठरतं. ग्रिप लहान-मोठ्या मापांत मिळते, डाव्या हाताची वेगळी असते. डोळे मिटून हात उचलावा, मग डोळे उघडावेत. पुढची-मागची दोन्ही साइट आपोआप एका रेषेत दिसल्या तर ती ग्रिप तुमची. मनगट वळवून साइट जुळवावी लागत असेल तर पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, ते ठेवून द्या. थोडाफार फरक असेल तर लाकूड कानशीने घासून किंवा पुट्टी भरून जमवता येतं. हे काम मी स्वतः करतो, आणि मला ते विक्रीपेक्षा जास्त आवडतं.

ट्रिगर ओढायला लागणारं ओझं नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतं. नवशिक्याने ते घरी हलकं करत बसू नये. स्पर्धेत तपासणीला वजन टांगतात आणि पिस्तूल तिथेच बाद होतं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुरेख चालतो, पण पहिलं पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरचंच घ्या, असं मी सांगतो. बिघडलं तर इथेच खोलून बघता येतं.

परवान्याबद्दल लोक घाबरत विचारतात. .१७७ बोअरच्या, २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. .२२ च्या, काडतुसाच्या पिस्तुलाला लागतो, आणि तो पुढचा टप्पा आहे. परवाना नसला तरी शिस्त तीच. नळी कायम टार्गेटकडे, आणि लेनवरून मागे फिरण्याआधी नळीत, ती रिकामी आहे हे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग. हे न पाळणाऱ्याला, तो कुणाचाही असो, मी त्या दिवशी घरी पाठवतो.

आम्हाला खरा धंदा शिकवला तो इथल्या पावसाने. खारी, दमट हवा नळीला आठवड्यात गंज आणते, उघड्या डब्यातल्या शिशाच्या छर्‍यांवर पांढरी भुकटी धरते. हातपंपाने पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरला की हवेतलं पाणी आत जातं आणि वॉल्व्ह खराब होतात. यावर उत्तर मालवणला सापडलं. स्कूबावाले आपल्याच श्वासासाठी २०० बार दाबाची कोरडी, गाळलेली हवा भरतात. त्यांच्याकडे बसून कॉम्प्रेसरचे फिल्टर समजून घेतले, मग कर्ज काढून आमचा कॉम्प्रेसर आणला. आता सावंतवाडी-वेंगुर्ल्याचेही नेमबाज सिलिंडर भरायला येतात.

जुनं पिस्तूल घ्यायला माझी हरकत नाही, नव्याची किंमत लाखाच्या वर जाते. फक्त सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. बनवल्यापासून दहा वर्षं झाली की तो स्पर्धेला चालत नाही, आणि नवा सिलिंडर स्वस्त नाही. अशी जुनी पिस्तुलं तपासून, सील बदलून आम्ही ठेवतो. पहिल्या पिस्तुलाचं माप मुलांच्या हाताला लहान झालं की ती आमच्याकडेच परत येतात, आणि पुढच्या नवशिक्याला जातात. सध्या कपाटात लहान ग्रिपची दोन आहेत, एक डावखुऱ्याचं.