पायदळ कोराडी

अष्टमीच्या रात्री दहाला नागपूरच्या इतवारीतून निघालो. अनवाणी. कोराडी तिथून १५ किलोमीटरच्या आसपास. माय दर नवरात्रात कोराडीच्या जगदंबेकडे मनोकामना अखंड ज्योत लावते, आणि घटस्थापनेपासून रोज संध्याकाळी एकदा तरी विचारते, "माही ज्योत तेवत असन ना?" यंदा गुडघ्यांनी तिला घरीच बसवलं. पावती माझ्या हातात देऊन म्हणाली, "पाहून ये."

सदर, छावणी बोलता बोलता मागे पडलं. मानकापूरनंतर गिट्टी टोचायला लागली. एका मंडपात साबुदाण्याची उसळ खाऊन मी टेकले, तर सोबतच्या मावशी ओरडल्या, "बसू नको पोरी, पाय भरून येतीन!" त्यांचं ऐकलं तेच बरं झालं.

देवळाआधी वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात. ते दिसले की पायांना जोर येतो. देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा दिसते असं लहानपणापासून ऐकलंय. रात्री अडीचला मला मिळाले ते दोन क्षण. त्यात फक्त तिचे डोळे पाहिले.

मग ज्योतींकडे गेले. दारातच तेलाच्या वासाची ऊब अंगावर आली. मातीच्या घटांच्या रांगाच रांगा, प्रत्येकावर नंबर. मायचा सापडला तेव्हा छातीत धस्स झालं. वात काजळून वाकली होती, ज्योत अगदी बारीक. मी हाक मारायच्या आत एक सेवेकरी पोरगा आला. त्यानं नवी वात आधी त्याच ज्योतीवर पेटवून घेतली, मग जुनी काढली, तेल ओतलं आणि पुढच्या घटाकडे सरकला. डोळे लाल झाले होते त्याचे.

"दादा, रात्रभर हेच?"

"हो ना ताई. तेल संपायच्या आधी पोचलं पाहिजे, बस."

इतकी वर्षं पावती फाडून आम्ही निवांत झोपायचो. असं कोणीतरी आमच्यासाठी जागत असेल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण तो तीन घट पुढे गेला होता.

बाहेर येऊन घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"दिसली?"

"दिसली माय."

"तेल आहे ना?"

"आहे. आत्ताच भरलं, माझ्यासमोर."